नऊ जणांची टीप

सचिवालयात त्यांना सगळे टीपराव म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता तर नवा शिपाईसुद्धा 'टीपराव, साहेबांनी बोलावलंय' असं बिनदिक्कत सांगून जाई. त्यांनी हरकत घेणं कधीच सोडून दिलं होतं. पगार शाखेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हरकत घ्यायला आणखी पुष्कळ विषय असतात.

नाव पडलं ते कामावरून. पगाराचं कोणतंही कोष्टक निघालं की त्याच्या तळाशी बारीक अक्षरात टिपा असतात. अमुक खात्याला हे लागू नाही, तमुक तारखेपूर्वी लागलेल्यांना ते लागू आहे, वगैरे. कोष्टक लिहिणारे पुष्कळ असतात, पण टिपा लिहिण्यात त्यांचा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. कोष्टकात जिथे म्हणून फट राहिली असेल तिथे त्यांची टीप जाऊन बसे, आणि मग त्या फटीतून मुंगीसुद्धा शिरत नसे. त्यांच्या शाखेचा नियमच तो होता. आकडा जुळला पाहिजे, नाहीतर का जुळत नाही याची टीप पाहिजे. दोन्हीपैकी काही नसलेला कागद पगार शाखेच्या दाराबाहेर पडत नाही. त्यांच्या आधीच्या मोठ्या कारकुनाने त्यांच्याकडून हा नियम असा घोटून घेतला होता, की घरी वाण्याची यादी लिहितानाही त्यांचा हात तळाशी जाऊन दोन ओळींची जागा सोडायचा.

लढाईचं तिसरं वर्ष चालू होतं. खिडक्यांच्या काचांवर कागदी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, त्या सुटून लोंबत होत्या आणि पुन्हा चिकटवायला खळ नव्हती. नवा कागद मिळत नसल्यामुळे जुन्या फायलींच्या पाठकोऱ्या बाजूवर सरकार चाललं होतं. एका बाजूला वीस वर्षांपूर्वीचा छत्रीभत्ता, दुसऱ्या बाजूला आजचं महायुद्ध. शाईत शिपाई पाणी घालत असे आणि विचारलं की कानावर हात ठेवत असे. शाखेतल्या अकरा खुर्च्यांपैकी पाच रिकाम्या होत्या. त्या खुर्च्यांतली माणसं आघाडीवर गेली होती आणि त्यांचं काम उरलेल्या सहा जणांच्या मानेवर येऊन बसलं होतं. दुपारी तीननंतर कुणी कुणाशी बोलत नसे. भांडण होतं म्हणून नव्हे, तोंड उघडायचासुद्धा कंटाळा आलेला असे.

त्या पाच रिकाम्या खुर्च्यांतली एक टीपरावांच्या धाकट्या भावाची होती.

धाकटा त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. आईबाप लवकर गेल्यामुळे त्याला त्यांनीच वाढवला, त्यांनीच नकलनवीस म्हणून शाखेत चिकटवला आणि त्यांनीच त्याचं लग्न लावून दिलं. अक्षर मोत्यासारखं, डोकं मात्र भलतीकडे. आकडे लिहिता लिहिता समासात पक्षी काढायचा, आणि टीपराव ते पक्षी खोडरबराने पुसायचे. बोलावणं आलं तेव्हा तो हसतच गेला. जाताना म्हणाला, "दादा, परत येईपर्यंत माझ्या खुर्चीवर कुणाला बसू देऊ नका. तिचा एक पाय लंगडा आहे, मलाच ठाऊक आहे तिच्यावर कसं बसायचं ते." खुर्चीवर कुणी बसलं नाही. बसायला माणूस होता कुठे?

नऊ महिन्यांपूर्वी युद्ध खात्याचं पत्र आलं, की तो ज्या तुकडीत होता ती मागे हटली, आणि हटल्यानंतर जी मोजदाद झाली तीत तो नव्हता. मेल्यांत नाही, जखमींत नाही, कैद्यांच्या यादीतही नाही. बेपत्ता. त्यानंतर एक अक्षर नाही.

सरकारी नियम असा होता, की आघाडीवर गेलेल्या कर्मचाऱ्याचा पगार त्याच्या घरच्यांना मिळे. मरण पावला तर पगार बंद होऊन निवृत्तिवेतन सुरू होई. बेपत्ता माणसाचं काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण नियम केला तेव्हा माणसं अशी नाहीशी होतील असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. लिहिलेलं नाही म्हणून पगार चालू होता. दर महिन्याच्या एक तारखेला टीपरावांची भावजय सचिवालयाच्या तळमजल्यावर पगाराच्या खिडकीपाशी रांगेत उभी राही. रोखपाल आतून नाव पुकारी. तिचं नव्हे, नवऱ्याचं. ती पुढे होऊन कुटुंबपत्र, म्हणजे घरच्यांनी पगार घ्यायचा परवाना, दाखवी आणि पगारपत्रकात सत्तेचाळीस नंबरला, नवऱ्याच्या नावासमोर, सही करी.

पैशांवाचून तिचं अडे हे खरंच. पदरात सहा वर्षांची मुलगी, खोलीचं भाडं, आणि पीठ महिन्यागणिक वर चढलेलं. पण एकदा ती जावेला, म्हणजे टीपरावांच्या बायकोला, बोलून गेली होती. "ताई, महिन्यातून एकदा कुणीतरी त्यांचं नाव मोठ्यानं घेतं. रोखपाल पुकारतो ना, तर मला क्षणभर असं वाटतं, की आता मागून 'आलो आलो' म्हणत येतील." बायकोने हे टीपरावांना सांगितलं आणि तेव्हापासून एक तारखेला ते तळमजल्यावर जाणं टाळू लागले.

आणि अशात सरकारने वेतन समिती नेमली.

युद्धामुळे सगळंच महागलं होतं, तेव्हा अधिकाऱ्यांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांचे पगार नव्याने ठरवायचे होते. मात्र खजिन्यातून वर छदामही मिळणार नव्हता. म्हणजे एकाला द्यायचं तर दुसऱ्याचं काढायचं. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, एका कानाने बहिरे, आणि कोणता कान ते रोज बदलत असे. बाकी तीन सभासद आणि काम रेटणारे उपसचिव. टीपराव कोपऱ्यात कोष्टकं घेऊन बसत.

एका बैठकीत कारकुनाच्या बुटांवर पाऊण तास चर्चा झाली.

"कारकुनाला वर्षाला बुटांचे किती जोड लागतात?" अध्यक्षांनी विचारलं.

सभासदांपैकी एक म्हणाले दोन. दुसरे म्हणाले, बसून काम करणाऱ्याला दोन कशाला, दीड. तिसरे गंभीरपणे म्हणाले, दीड जोड म्हणजे तीन बूट, तिसरा बूट कोणत्या पायाचा धरायचा? मग सगळ्यांनी टीपरावांकडे पाहिलं. टीपरावांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"एक जोड, साहेब," ते म्हणाले. "आणि चांभार."

कुणी हसलं नाही. 'एक जोड व दुरुस्ती' अशी नोंद झाली आणि कारकुनांच्या भत्त्यातून थोडं कमी झालं. टीपराव घरी जाईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होते. गंमत म्हणून बोललेलं वाक्य इमारतभर लोकांच्या पायातून वजा झालं होतं.

पण त्या सगळ्या बैठकांत त्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर असे. बेपत्ता हा शब्द कुणी उच्चारतंय का. कुणी उच्चारला नाही. आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांचा विषय आला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "त्यांचं आहे तसं राहू द्या, लढतायत बिचारे," आणि पुढचा विषय घेतला गेला. टीपरावांनी कपाळावरचा घाम पुसला. आता फक्त गप्प बसायचं होतं. मूळ नियम गप्प होता, समिती गप्प होती, आपणही गप्प राहायचं. एकतीस वर्षं लोकांच्या फटी बुजवल्या, ही एक राहू द्यायची. माणूस येईपर्यंत, किंवा काही कळेपर्यंत.

त्यांनी हे बायकोलाही सांगितलं. बायको म्हणाली, "तुम्हाला गप्प बसणं जमलं तर बघा." तिने ते थट्टेनं म्हटलं होतं.

अंतिम कोष्टक करायला त्यांना चार दिवस मिळाले. चौथ्या दिवशी दुपारी सगळे रकाने भरून झाले. अधिकारी, उपअधिकारी, कारकून, नकलनवीस, शिपाई, सगळ्यांच्या बेरजा आडव्या जुळल्या, उभ्या जुळल्या. राहिला शेवटचा रकाना, आघाडीवरील कर्मचारी. पगारपत्रकाप्रमाणे दोनशे बारा. कोष्टकासोबत युद्ध खात्याचं पत्र जोडायचं होतं, त्यात लिहिलं होतं, आपल्या विभागाचे सध्या सेवेत असलेले कर्मचारी दोनशे तीन.

नऊचा फरक.

टीपरावांना तो पाठ होता. ते नऊ जण कोण हे त्यांना नावानिशी ठाऊक होतं. दोन नकलनवीस, एक सर्वेक्षक, चार शिपाई, एक ड्रायव्हर आणि धाकटा. त्यांनी पत्र कोष्टकाच्या खाली ठेवलं, टाचणी लावली आणि फाईल बंद केली. मग पाणी प्यायला उठले. परत आले, फाईल उघडली. कोष्टकात दोनशे बारा, पत्रात दोनशे तीन. त्यांनी पुन्हा बंद केली. शेजारच्या टेबलावरच्या बाई, ज्या शाळेतून निवृत्त झाल्यावर युद्धापायी कारकून झाल्या होत्या, म्हणाल्या, "काय हो, डबा विसरलात का घरी?"

"नाही, नाही."

"मग बसा की. तुमच्या येरझाऱ्यांनी माझी बेरीज तीनदा चुकली."

ते बसले. त्यांची मान दुखत होती. तीन आठवड्यांत एक रविवार मिळाला नव्हता. समोर न जुळणारा कागद उघडा पडला होता आणि तो तसा पाहणं त्यांना खरोखर सहन होत नव्हतं, तोंडात खडा आला की जेवताच येत नाही ना, तसं. त्यांनी असाही विचार केला, की फरक कुणीतरी पकडणारच. न सांगता पकडला गेला तर पगार शाखेने लपवलं असं होईल, चौकशी होईल, आणि धाकट्याचं नाव त्यात पहिलं येईल. आपणच सरळ, साध्या शब्दांत सांगून टाकलेलं बरं. असं त्यांनी स्वतःला पटवलं. खरं म्हणजे पटवायच्या आधीच टाक दौतीत बुडाला होता. कोष्टकाच्या तळाशी त्यांनी लिहिलं:

'टीप ७. दोनशे बारा व दोनशे तीन यांतील नऊचा फरक हा बेपत्ता कर्मचाऱ्यांचा असून, याबाबत आदेश नसल्यामुळे त्यांचे वेतन चालू आहे.'

वाचून पाहिलं. टीप चोख होती. फाईल वर गेली आणि त्यांना त्या दुपारी चक्क हलकं वाटलं. हे त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उपसचिवांनी बोलावलं. उपसचिव हा काही दुष्ट माणूस नव्हता. डोळ्यांखाली काळं, दाढी अर्धवट केलेली, टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगावर थंड झालेला चहा.

"टीपराव, तुमची कोष्टकं मी वाचत नाही," ते म्हणाले. "कुणाला वेळ आहे? मी तुमच्या टिपा तेवढ्या वाचतो. त्यांत सगळं येतं." त्यांनी बोट ठेवलं. "ही सातवी. आदेश नसल्यामुळे चालू आहे म्हणता."

"हो, साहेब."

"मग आदेश काढू या."

टीपराव घाईने म्हणाले, "साहेब, ते... माणसं परत येऊ शकतात."

"आली तर पुन्हा लावू की नावं. देवाच्या कृपेनं येवोत. पण हे बघा, शिपायांना पीठभत्ता द्यायचाय आणि खजिनेवाले म्हणतात, तुमच्यातूनच काढा. मी चार दिवस डोकं फोडतोय. हे नऊ पगार मोकळे झाले तर भत्ता बसतो. अगदी बरोब्बर बसतो." त्यांनी टिपेवरून नजर उचलली. "यात तुमचं कुणी आहे का?"

"धाकटा भाऊ आहे, साहेब."

उपसचिवांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "अरेरे," ते म्हणाले. आणि खरोखर वाईट वाटलेल्या आवाजात म्हणाले, "मग तर तुम्हाला ही टीप न लिहिता सोडून देता आली असती. तरी लिहिलीत. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हा गाडा चाललाय."

सहा महिन्यांहून अधिक काळ बेपत्ता असलेल्या कर्मचाऱ्याचं नाव पगारपत्रकातून कमी करावं. मृत्यूचा दाखला आल्यास निवृत्तिवेतन द्यावं. तोवर काही देऊ नये. आदेशाचा मसुदा टीपरावांनीच केला. दुसरा कोण करणार? त्यात फट कुठे ठेवता येईल हे ते दोन तास शोधत होते. पण उपसचिवांनी वाक्यं तोंडी सांगितली होती आणि ती तशीच्या तशी उतरवायची होती. संध्याकाळी म्हातारा शिपाई त्यांच्या टेबलापाशी आला, इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "साहेब, पीठभत्ता मंजूर झाला म्हणतात. तुम्ही काहीतरी जुळवून दिलंत असं कळलं. पोरंबाळं दुवा देतील." तो शाईत पाणी घालतो म्हणून आपण त्याच्यावर किती ओरडलो, एवढंच टीपरावांच्या मनात आलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. पोळपाटावरचा हात न थांबवता ऐकलं. मग म्हणाली, "तिला एवढंच सांगा की वरून आदेश आला. टीप तुमची होती हे बोलू नका. तिला त्रास आणि तुम्हालाही."

"बरं," टीपराव म्हणाले.

भावजयीची खोली दोन गल्ल्या पलीकडे, जिन्याच्या टोकाला होती. ते गेले तेव्हा ती जुना गणवेशाचा कोट उसवत बसली होती. आतल्या अस्तरातून मुलीचा झगा होतो का बघत होती. पुतणी जमिनीवर पाटी घेऊन पालथी पडली होती आणि पाटीवर पक्षी काढत होती. टीपरावांनी खुर्ची ओढली, टोपी मांडीवर ठेवली आणि आदेश आला एवढं सांगितलं. पुढचं सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण अर्धवट माहिती देऊन उठणं त्यांना कुठे जमणार?

"टीप मी लिहिली," ते म्हणाले. "नऊ जणांची. ती नसती तर आदेश निघाला नसता."

तिने सुई अस्तरात खोचून ठेवली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "दादा, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग?"

"आकडा जुळत नव्हता."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, ते रागावणं परवडलं असतं. "कुणाच्या लक्षात आला असता?"

"आला असताच. एवढ्या सह्या होतात. कुणाच्या तरी आला असता."

"हं," ती म्हणाली. सुई पुन्हा उचलून म्हणाली, "पैशांचं बघीन मी. शिवण मिळतंय थोडं थोडं."

"पैशांची काळजी करू नको, मी आहे ना."

"माहितीय दादा. तुम्ही द्याल आणि मी घेईनही, लाज धरून बसायचे दिवस नाहीत हे. पण तुम्ही काही माझ्यासाठी खिडकीत बसून त्यांचं नाव पुकारणार नाही."

पाटीवरचा पक्षी दाखवायला पुतणी उठली. टीपरावांनी चांगला आहे म्हटलं आणि जिना उतरले.

महिनाअखेरीला आघाडीवरच्यांचं नवं पगारपत्रक करायची वेळ आली. ते काम खरं म्हणजे बाईंचं, पण टीपरावांनी मागून घेतलं. "माझे डोळे बरे आहेत अजून," एवढंच म्हणाले. नाव कमी झालं की पुढचे अनुक्रमांक वर सरकवायचे असा रिवाज होता. सेहेचाळीसनंतरचा माणूस सत्तेचाळीस होतो, त्याच्यापुढचा अठ्ठेचाळीस, आणि गेलेल्याची जागा अशी बुजते, की तो कधी होता हे कळत नाही. टीपरावांनी असे शेकडो लोक बुजवले होते. कोण निवृत्त झाले, कोण बदलून गेले, कोण वारले.

ते दुपारी लिहायला बसले. सेहेचाळीस लिहिला. पुढच्या ओळीवर टाक टेकला आणि तसाच राहिला. शाईचा लहानसा ठिपका पडला. मग त्यांनी ती ओळ तशीच कोरी सोडली आणि खालच्या ओळीवर अठ्ठेचाळीस लिहिला.

एकट्या धाकट्याचीच ओळ सोडली असती तर ती नातेवाइकावर केलेली मेहेरबानी झाली असती. ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी नऊच्या नऊ ओळी कोऱ्या सोडल्या. शेवटच्या माणसाचा अनुक्रमांक दोनशे बारा आला, आणि माणसं होती दोनशे तीन. तळाशी जाऊन त्यांचा हात सवयीने थबकला. दोन ओळींची जागा होती. त्यांनी टाक पुसून ठेवून दिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी न जुळणारा कागद टिपेवाचून वर पाठवला, आणि खुर्चीत चौकशीची वाट पाहत बसले. काय उत्तर द्यायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. चूक माझी आहे, दुरुस्त करणार नाही, माझा पगार कापा.

पत्रक लेखापालाकडे गेलं, सही होऊन आलं. अधीक्षकांकडे गेलं, सही होऊन आलं. मग तपासनीस, मग उपसचिव, मग खजिना. पाच सह्या झाल्या. कुणी बोलावलं नाही. दोन दिवसांनी पत्रक तळमजल्यावर रोखपालाकडे पोचलं आणि त्यानेही ते खिडकीत उघडून ठेवलं.

एक तारखेला कुटुंबपत्र परत करायला भावजयीला यायचं होतं. तसा आदेशच होता, टीपरावांच्याच अक्षरातला. ते खाली जाऊन खिडकीच्या आत, रोखपालाच्या शेजारी उभे राहिले. रांग लांब होती. बायका, म्हातारे बाप, एक आजोबा काठी टेकत. रोखपाल पुकारत होता आणि एकेक जण पुढे येऊन सही करून जात होतं. सेहेचाळीसावं नाव पुकारलं, एक बाई आली, गेली. रोखपालाचं बोट खाली सरकलं, कोऱ्या ओळीवरून पुढे गेलं, आणि त्याने अठ्ठेचाळीसावं नाव पुकारलं.

तो पगार देऊन झाल्यावर भावजय पुढे झाली. तिने कुटुंबपत्र खिडकीत ठेवलं. घडीवर मळलेलं होतं, कडेला पक्षी काढलेला होता. बापाचा की लेकीचा ते कळत नव्हतं. रोखपाल ते घेऊन शिक्का शोधायला वळला. तिची नजर पत्रकावर गेली. तिच्या बाजूने ते उलटं दिसत होतं, तरी इतके महिने ज्या जागी सही केली ती जागा तिला डोळे मिटूनही सापडली असती. सेहेचाळीस. मग काही नाही. मग अठ्ठेचाळीस.

तिने वर पाहिलं.

"दादा, इथे एक आकडा राहिलाय."

"हो," टीपराव म्हणाले.

तिची नजर पानावरून खाली गेली, पुढच्या कोऱ्या ओळीवर, त्याच्यापुढच्या, पार तळापर्यंत. तळाशी पाच सह्या होत्या, एकाखाली एक.

"एवढ्या सगळ्यांनी बघितलं?"

"सगळ्यांनी सह्या केल्या."

"आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

टीपरावांनी नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे तेव्हाही कुणी मोजले नसते," ती म्हणाली.

"नाही," ते म्हणाले. "नसते मोजले."

मागच्या बाईने पुढे सरका म्हणून हळूच ढोसलं. रोखपाल शिक्का मारून वळला, त्याने रद्द झालेलं कुटुंबपत्र फायलीत टाकलं आणि विचारलं, "झालं ना बाई तुमचं?" ती हलली नाही. खिडकीच्या गजांतून तिने हात आत घातला आणि कोऱ्या ओळीवरून, जिथे सही करायची तिथून, बोट एकदा फिरवलं. बोटाला शाई लागली नाही.

"पुढच्या महिन्यात येईन मी," ती टीपरावांना म्हणाली. "ही ओळ तशीच ठेवा."

"ठेवतो," ते म्हणाले.

ती रांगेतून बाहेर पडली. रोखपालाने बोट पुढच्या ओळीवर ठेवलं आणि एकोणपन्नासावं नाव पुकारलं.